सोनूबाईचा तांब्या

सोनूबाई दारात आडवी उभी राहिली. नातीला देवीची लस टोचू देणार नाही म्हणाली, आणि विषय संपवला.

ग्रामसेविका राही अंगणातच थांबली. शेजारच्या गावात देवीने दोन मुलं गेली होती. टोचणारा तीन दिवस शाळेत माश्या मारत बसला होता. सोनूबाईने नातीला नेलं असतं तर सगळा कोळीवाडा मागोमाग गेला असता. तिच्या शब्दाशिवाय तिथली होडीसुद्धा सुटत नसे.

म्हातारी देवीच्या कोपाला घाबरते, असं राहीला वाटे. घाबरणारी नव्हती ती. राग वेगळाच होता. पांढऱ्या पातळातली ही शिकलेली बाई चार महिने दारोदार हिंडत होती, पण कुणाच्या ओट्यावर टेकली नव्हती, की कुणाकडे घोटभर पाणी प्यायली नव्हती. पाण्याची बाटली कायम स्वतःच्या खांद्याला. मासळीची टोपली दिसली की नाकाला पदर लावणाऱ्या बाया सोनूबाईने अलिबागच्या बाजारात जन्मभर पाहिल्या होत्या. ही त्यांतलीच, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"आमच्या घरचं पानी तुला चालत न्हाय," ती म्हणाली, "मंग आमची पोर तुझ्या सुईला कशी चालते?"

जवळा सुकवणाऱ्या बायांचे हात थांबले. राहीने मान वर केली.

"मी महाडकडची. महारवाड्यातली. तळ्याचं पाणी प्यायला म्हणून माझ्या बापाचं डोकं फोडलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी परक्या दारी पाणी मागत नाही. तुम्ही दिलंत तर घेईन. पण वरून ओंजळीत ओतणार असाल तर नको."

सोनूबाई वळून आत गेली. आता ही काही बाहेर येत नाही, असं बायांना वाटलं. राही जागची हलली नाही. आज हाकललं तरी ती उद्या येणारच होती.

सोनूबाई तांब्या घेऊन आली. पिढ्यांच्या सवयीने राहीचे हात ओंजळीसाठी जुळू लागले, तसे तिने ते रागाने खाली घेतले. सोनूबाईने तांब्या तिच्या हातात दिला. राही तोंड लावून प्यायली.

"भांडं बाटलं गो," शेजारची गोदू पुटपुटली.

सोनूबाईने तांब्या परत घेतला. गोदूकडे बघत, तोंड लावून, उरलेलं पाणी संपवलं. मग सुनेला हाक मारली.

"केसर, पोरीला घे. शाळंत जायचंय."