समुद्रफुलाचा घास

दर एकादशीला संध्याकाळी माईंच्या हॉलमध्ये कीर्तन असे. पण अंबरनाथ पूर्वेच्या त्या सोसायटीत केबलवरच्या सासू-सुनांपुढे हरिकथेचा काय पाड? बुवा, पेटीवाले आणि माई, एवढाच मेळा. त्यात लेकानं, उन्मेषनं, तिथेच खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. आत जिवंत पोवळी न् एक समुद्रफूल, आणि त्यांच्यासाठी फ्रीजरमध्ये कोळंबी!

"मेल्या, माळकऱ्याच्या घरात कोळंबी?"

"अगं माई, फुलासारखं दिसलं तरी प्राणी आहे तो. उपाशी मारू?"

त्या एकादशीला मात्र हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. तासभर कुणाची पापणी लवली नाही. बुवा गहिवरले. "माई, इतके तल्लीन श्रोते उभ्या जन्मात पाहिले नाहीत हो!"

माईंनी बुवांच्या हातावर प्रसाद ठेवला. टाकी बुवांच्या पाठीमागे होती, आणि कीर्तनभर उन्मेष चिमट्यानं एकेका पोवळ्याला, मग त्या फुलाला घास भरवत होता.


पुढच्या एकादशीला सकाळीच माईंनी हाक मारली, "उन्मेष, कोळंबी आहे ना रे? आणि हे बघ, आरतीआधी त्या फुलाला घास दाखवलास तर याद राख!"