पाण्यातली सोबत

हिल्का धक्क्यावरून आधी तळ्यात उतरली, मागोमाग तिची मुलगी तुइया. दोघी रोज जोडीनंच पोहायच्या, हाताच्या अंतरावर. सप्टेंबरातलं पाणी बोचत होतं.

मग सॉनात. खालच्या बाकावर मायलेकी, वर शेजारीण राइली.

"काल बाजारात एकाला फेफरं आलं," राइली म्हणाली. "मी धावत जाऊन कॉफीवाल्याचा चमचा आणला. दातांत घालायला."

"चमचा?" हिल्का कडाडली. "दात मोडले असते त्याचे! कुशीवर वळवायचं, डोक्याखाली कोट द्यायचा आणि घड्याळ बघत जवळ बसायचं."

"तुला बरं ठाऊक!"

"ज्याचं जळतं त्याला कळतं."

तुइयानं तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत कुणाचं तोंड कुणाला दिसेना.

राइलीला मात्र उलगडा झाला. औषधाची डबी हिल्काच्या पिशवीत का असते, त्या घरात न्हाणीला कडी का नाही, चाळिशी उलटलेली लेक आईला क्षणभर का सोडत नाही. निघताना ती तुइयाच्या कानाशी लागली, "नशीब काढलं हो तुझ्या आईनं."

हिल्कानं ऐकलंच. "काढलंच मुळी," ती हसून म्हणाली. "उद्या वेलदोड्याचे पाव भाजतेय. ये खायला."

दुसऱ्या सकाळी हिल्का उठली नाही. झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं.

दफनानंतरच्या कॉफीला राइलीनं तुइयाचा हात हातात घेतला. "फार जपलंस तिला. आता मोकळी झालीस. पोह मनसोक्त, पार बेटापर्यंत!"

तुइयानं हात सोडवून तिच्या कपात कॉफी ओतली.

घरी अंघोळ करताना ती अजूनही दार उघडं ठेवायची. मध्येच काहीतरी बोलायची. बाहेरच्या स्टुलावर आता कुणी नसायचं.

पोहण्याइतकं तिला दुसरं काही आवडत नव्हतं. रोज ती धक्क्यावर यायची, पाण्यात पाय सोडून बसायची आणि कोरड्या केसांनी परत जायची. दुःख ताजं आहे, लोक म्हणायचे.

ऑक्टोबर लागला तशी राइलीला राहवेना. "अगं, पाय धुवायला येतेस का इथं? उतर की! का हात धरून नेऊ?"

"ने," तुइया म्हणाली.

राइलीचं हसू ओठांवरच राहिलं.

"माझ्यापासून लांब जाऊ नकोस," तुइया पाण्याकडे बघत म्हणाली. "आलं, तर माझं तोंड पाण्याबाहेर धर आणि हाका मार. थांबलं की बाहेर काढ, कुशीवर वळव, रुग्णवाहिका बोलाव. मी बरी दिसले तरी बोलाव. आणि चमचा आणू नकोस."

"आलं म्हणजे? काय आलं तर?"

"आईला कधीच काही नव्हतं, राइली. फेफरं मला येतं."