दादाचं वजन

“दादा, तोंडातला घास संपू दे, मग दुसरा उचल. ताटाला काही पाय फुटत नाहीत,” धाकटा म्हणाला.

थोरल्याने हातातला घास परत खाली ठेवला. ताट कसलं, बशीच ती. घरातली मोठी ताटं धाकट्याने वहिनीला सांगून केव्हाच माळ्यावर टाकायला लावली होती.

थोरला बेकरीत भट्टीवर होता. पूर्वी पाव उतरले की करपलेल्या कडा, मोडकी बिस्किटं, चिकटलेला केक, सगळं त्याच्या तोंडात जायचं. “टाकून द्यायला जिवावर येतं,” म्हणायचा. अंग सुटत गेलं. जिना चढला की वरच्या पायरीवर बसकण मारावी लागे. वडीलही असेच होते आणि पन्नाशी न बघताच गेले. बायकोने रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग धाकट्याच्या किडन्या गेल्या. शाळेतली नोकरी सुटली. दिवसाआड दवाखान्यात मशीनला जोडून घ्यायचं आणि घरी येऊन पडायचं. लग्न केलेलं नव्हतं. दादा-वहिनीचं घर तेच त्याचं घर.

“माझी घे एक,” थोरला म्हणाला. त्याच्या लेखी त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

दोघांचं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट आणायला धाकटाच गेला. परत येऊन त्याने रिपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवून दिला.

“तुझ्या वजनाला डॉक्टर हात लावायला तयार नाहीत, दादा. आधी उतरव. आणि नुसतं उतरवून भागायचं नाही, टिकायला हवं.”

थोरल्याने दुसऱ्याच दिवसापासून कडकडीत उपास धरला. आठवडाही निघाला नाही. एका सकाळी भट्टीसमोर उभ्याउभ्याच त्याने गोड पावांचा अर्धा ट्रे संपवला. घरी येऊन भावासमोर मान खाली घालून बसला. वाटलं, आता हा तोंड फिरवेल.

धाकटा रागावला नाही. “उपाशी राहायला कुणी सांगितलं तुला? एकेक सवय बदलू. घसरलास तर घसरलास, पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू.”

तेव्हापासून थोरला कामावर असताना तोंडाला फडकं बांधू लागला. हात सवयीने वर जायचा, फडक्याला अडायचा आणि मुकाट खाली यायचा. मोडके तुकडे थेट कोंबडीवाल्याच्या पोत्यात. दर आठवड्याला तो मैद्याची पोती तोलायच्या काट्यावर उभा राहायचा. “चांगल्या प्रतीचा माल आहे,” बेकरीचा मालक म्हणायचा. संध्याकाळी दोघे भाऊ चालायला जायचे. पुढे धाकट्याला चालवेना. तो बाकावर बसायचा आणि थोरला त्याच्या नजरेसमोर मैदानाला फेऱ्या घालायचा.

वजन उतरलं. शर्ट अंगावर लोंबू लागले. बायकोने ते शिंप्याकडून आत घेऊन आणले.

“आता?” थोरल्याने विचारलं.

“थोडं टिकू दे.”

“टिकलंय की रे.”

“अजून थोडं.”

“भाऊजी, मी भेटू का डॉक्टरांना?” वहिनीने एकदा विचारलं.

“तुम्ही कशाला खेप घालता, वहिनी? मी जातोच आहे तिथे.”

धाकटा वाळत चालला. चेहरा राखेसारखा झाला. तरी संध्याकाळी बाकावर येऊन बसायचा, बोलवेनासं झालं तेव्हा हातानेच खुणावायचा, अजून एक फेरी. हिवाळ्यातल्या एका दुपारी मशीनवर असतानाच तो गेला.

थोरला रडला नाही. कामावर गेला, फडकं बांधलं, पाव काढले. बायकोने वाढलेलं बशीभर खाल्लं. पण झोपेतून दचकून उठायचा आणि तेच म्हणायचा, “मी उशीर केला. माझ्या खादाडपणाने त्याचा जीव घेतला.”

काही दिवसांनी तो भावाची राहिलेली शाल आणायला दवाखान्यात गेला. मशीनजवळच्या सिस्टरने त्याला ओळखलं. शाल हातात घेतली आणि इतके दिवस अडलेलं सगळं बाहेर पडलं.

“चूक माझी आहे, सिस्टर. वजन वेळेत उतरवलं असतं, तर माझी किडनी त्याला मिळाली असती.”

सिस्टर म्हणाली, “तुमची जुळतच नव्हती. पहिल्याच तपासणीत कळलं होतं. मीच सांगितलं तुमच्या भावाला.”

“पण तो तर वजनाचं म्हणाला होता.”

“नंतर मी विचारलं होतं त्यांना, दादांना सांगितलं का म्हणून,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली. “तर म्हणाले, ‘स्वतःसाठी तो पावाचा तुकडाही सोडणार नाही, सिस्टर. माझ्यासाठी सोडतोय. मी आहे तोवर त्याला सवय लागू दे.’”