उन्हातला वाफा

"गुलाब नको. त्याचे लाड फार," फौजदार म्हणाली. "दिवसभर ऊन खाईल आणि कुरकुर करणार नाही, असं फूल पाहिजे."

चौथीतल्या या मुलीला सगळा वर्ग फौजदारच म्हणायचा. कुणी थाप मारली की ती जागच्या जागी पकडायची. मग थाप मारणारी तिची जिवलग मैत्रीण का असेना.

शाळेच्या भिंतीलगत एक वाफा रिकामा होता. सकाळपासून ऊन तिथे ठाण मांडून बसायचं. तिथे या हंगामात काय लावायचं, हे बाईंनी मुलांवर सोपवलं होतं. टेबलावर बियांच्या पुड्या पसरल्या होत्या. कॉसमॉस बाद झाला, कारण तो वाऱ्याने आडवा होतो. कुणीतरी ऑफिस टाइमची पुडी उचलली.

"ते फूल दहाला उमलतं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे हेडसरांच्या आधी शाळेत हजर!" मागच्या बाकावरून आवाज आला. बाईंना हसू आवरेना.

शेवटी झिनिया ठरला. उन्हाला भीत नाही, पाणी बेताचं लागतं, फूल पुष्कळ दिवस टिकतं. एकजण म्हणाला, तयार रोपंच आणू या.

"तयार रोपांसाठी बाजार आहे की," बाई म्हणाल्या. "शाळा कशाला हवी?"

मुलांनी बी पेरलं. दोन-दोन पानं वर आली, तशी दंगेखोर पोरंसुद्धा वाफ्याजवळून जाताना पावलं सांभाळू लागली.

आणि शाळेची पाहणी ठरली. हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"पाहुण्यांना काय दाखवायचं? माती?"

"फुलायला दोन महिने लागतात, सर."

"बघा बुवा. बागेचा तास पुढच्या वर्षी ठेवायचा की काढायचा, ते याच पाहणीवर ठरणार आहे."

बाई वर्गाकडे परतल्या. तास वाचला तर मुलांचंच भलं आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पाहणीच्या सकाळी टेम्पो आला. भरगच्च फुललेल्या झिनियाच्या कुंड्या भाड्याने आणल्या होत्या. माळ्याने वाफ्यात खड्डे घेतले, कुंड्या काठापर्यंत पुरल्या आणि वरची माती सारखी केली. कोवळी रोपं त्या मातीतच गेली.

फौजदार वाफ्यापाशी येऊन थबकली. "बाई, ही आपली नाहीत."

बाई खाली वाकल्या. "आजचा दिवस गप्प राहा, बाळा. आपला बागेचा तास जाईल नाहीतर."

पाहुण्या आल्या त्या थेट वाफ्याकडे. हेडसर बोलायला पुढे सरसावले, पण पाहुण्यांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि फौजदारला विचारलं, "ही तुम्ही लावलीत?"

बाईंनी फौजदारकडे पाहिलं. आता ही सगळं सांगणार. आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटून गेलं, सांगू दे. एकदाचं सांगूनच टाकू दे.

"हो," फौजदार म्हणाली. "आम्ही बी पेरलं. पाणी मी घालायचे. मध्ये गोगलगाई आल्या होत्या, पण आम्ही एकही रोप मरू दिलं नाही. पहिलं फूल आलं ना, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

ती कुठे अडखळली नाही. तिने नजरसुद्धा खाली घातली नाही.

पाहुण्यांनी तिचा गाल कुरवाळला. हेडसरांनी बाईंकडे पाहून समाधानाने मान डोलावली. मंडळी पुढच्या वर्गाकडे वळली.

फौजदार बाईंजवळ आली. गणित सोडवून पाटी दाखवावी, तसा तिचा चेहरा होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "जमलं ना मला?"