मागच्या सीटवरचा भोंगा

"अहो, खड्डा! डावीकडे घ्या. डावीकडे म्हटलं ना!"

कॅम्पवरच्या सगळ्या मोटरहोमच्या खिडक्या उघड्या होत्या. काकूंचा आवाज प्रत्येकाच्या चहाच्या कपापर्यंत पोचला. काका-काकू पाव आणायला निघाले होते. चाकांवरचं घर एकदा ठोकळ्यांवर चढवलं, पाण्याचा पाइप लावला, विजेची वायर जोडली, की एका पावासाठी तो सगळा पसारा आवरून गाडी बाहेर काढायची कुणी? म्हणून गावात जायला इथे ज्याची त्याची सायकल असते. या दोघांची मिळून एकच होती, लांबलचक, दोन सीटची. पुढे काका, मागे काकू. मागच्या हँडललाही ब्रेक होता, म्हणजे तोही काकूंच्याच हातात.

"श्वास तरी घेऊ देते का ही बाई त्यांना!" शेजारच्या मोटरहोमच्या पायरीवर बसलेली ग्रंथपाल पुटपुटली.

तिची नोकरीच लोकांना गप्प बसवण्याची. वाचनालयात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी हिच्या कपाळाला आठी पडायची. सुट्टीत चार दिवस शांतता मिळावी म्हणून ती एकटीच इथे आली होती, आणि नशिबी आला हा भोंगा. हे नाव तिनंच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कॅम्पभर झालं.

काकांची मात्र तिला मनापासून कीव यायची. उभा जन्म बस चालवलेला माणूस, आणि आता मोटरहोमचं स्टिअरिंगसुद्धा काकूंकडे. आले तेव्हाही गाडी काकूच चालवत होत्या. काका खाली उतरले ते गाडीच्या पत्र्यावर हात टेकून, कडेकडेनं चालत मागे गेले. आपणहून ते कुणाशी बोलत नसत. समोरून कुणी हात केला तरी गप्पच. "काका" अशी हाक मारली की मात्र त्यांचा चेहरा खुलायचा. बिचारे बायकोच्या धाकात पार दबून गेलेत, असं तिचं ठाम मत झालं होतं.

एके सकाळी भोंगा वाजलाच नाही.

आधी तिला बरं वाटलं. मग चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं आणि ती शेजारी डोकावली. काकू पलंगावर पडून होत्या. अंगात सणकून ताप, आणि घसा असा बसलेला की तोंडातून नुसती हवा येत होती. काका त्यांचा हात धरून उशाशी बसले होते.

"औषधाचं दुकान गावात आहे ना? मी आणते," ती म्हणाली.

"नको. तिचं औषध मी आणणार," काका म्हणाले. "पण ती सायकल मला एकट्याला जमत नाही. मागे कुणीतरी लागतं."

"मग मी बसते की मागे!"

काकूंनी एकदम तिचं मनगट पकडलं. हात चांगलाच तापला होता. त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं, मग काकांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. ओठ भराभर हलत होते.

"कळलं, काकू. घशाचं औषध. तुम्ही अजिबात बोलू नका."

काकूंनी जोरजोरात मान हलवली. ग्रंथपालनं त्यांचं पांघरूण नीट केलं आणि ती बाहेर आली.

काका सायकल धरून उभेच होते. ती मागे बसली. पुढ्यात त्यांची वाकलेली पाठ आणि नीट विंचरलेले पांढरे केस. तिला भरून आलं. या माणसाला निदान एक दिवस तरी सुखानं सायकल चालवू द्यावी.

"काका, आज तुमची चैन आहे," ती म्हणाली. "मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. निवांत चालवा."

काकांनी एक पाय पॅडलवर ठेवला. सायकल हलली नाही. कॅम्पवर अशी शांतता होती की कुणाच्या तरी नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं. हीच शांतता शोधत ती इतक्या लांब आली होती. काकांच्या मुठी हँडलवर घट्ट आवळलेल्या होत्या.

"निघायचं ना, काका?"

"पोरी," काकांनी हळूच विचारलं, "फाटक उघडं आहे का गं?"

फाटक समोरच होतं. चांगलं सताड उघडं.

ग्रंथपाल फाटकाकडे पाहत राहिली. मग काकांच्या पाठीकडे.

"उजेड तेवढा कळतो आता," काका म्हणाले. "मी तर ही सायकल विकायलाच निघालो होतो. ती म्हणाली, हँडल सोडू नका. तुम्ही चालवा, मी मागून ओरडत राहते. लोक मला कजाग म्हणतील, तर म्हणू देत."

तिला स्वतःची फार लाज वाटली. तिनं डोळे पुसले आणि मागच्या ब्रेकवर बोटं ठेवली.

"उघडं आहे, काका," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांगायचं, पोरी. रस्त्यावर वारा असतो."

सायकल हलली, डुगडुगली, सरळ झाली. फाटकापाशी आल्यावर ग्रंथपालनं छातीभर श्वास घेतला.

"काका, खड्डा! डावीकडे! डावीकडे घ्या!"

"अरे, भोंगा बदलला वाटतं!" कुणीतरी खिडकीतून म्हणालं आणि चार खिडक्यांमधून हसू आलं.

आत पलंगावर, कोपरावर रेलून कान लावून बसलेल्या काकूंनी तेव्हा कुठे उशीला डोकं टेकलं.