उत्तर गटाचा अंदाज

"अण्णा, अंदाज पाचच्या आत पायजे! लीगचा नियम हाय," सोनाली आतून ओरडली.

"नियम मला शिकवू नको. चौतीस वर्षं भूमच्या स्टँडावरून गाड्या सोडल्यात म्या," बाहेरच्या खोलीतून तिचे वडील बब्रुवान म्हणाले. पट्टी धरून ते कागदावर रेघा मारत बसले होते.

सोनालीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. साडेचार वाजून गेले होते. लॅपटॉपखाली सरकारी नोकरीचं पत्र दडवलेलं होतं. सोमवारी नांदेडला हजर व्हायचं, आणि येणार की नाही ते आज पाचच्या आत कळवायचं. पत्र रजिस्टरनं आलं तेव्हा सही अण्णांनीच केली होती. "लीगचं हाय ते," म्हणत तिनं ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं होतं. नकाराचा मेल लिहून तयार होता. नुसतं बोट टेकवायचं बाकी होतं.

कारण बाहेर रेघा मारत बसलं होतं ना!

तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्याच वर्षी अण्णा रिटायर झाले. माणूस दिवसभर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसायचा. सोनाली तेव्हा नुकतीच पुण्याहून परत आली होती, स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा आपटून. दार लावून खोलीत पडून असायची. पण तिचं सोडा, तरुण पोरगी, सावरली असती. बापाचं काय?

म्हणून तिनं लीग काढली. क्रिकेटची काढली असती तर अण्णांनी दोन दिवसांत पकडली असती, कबड्डीची तर पहिल्याच दिवशी. म्हणून अमेरिकन फुटबॉल. भूममध्ये कुणाच्या बापानं पाहिला नव्हता तो खेळ. नाव फुटबॉल आणि चेंडू काखेत मारून पळतात, घ्या! सामने कॉम्प्युटरच खेळवायचा, मालकांनी फक्त संघ निवडायचा. आठ संघ, उत्तर आणि दक्षिण असे दोन गट. अण्णांचा संघ 'भूम एक्स्प्रेस'. बाकीचे सात मालक लीगच्या ऑनलाइन पानावर लिहायचे. मुरुमची नागम्मा, धाराशिवचा जाफर, उमरग्याचा सिद्धलिंग आणि दक्षिण गटातले चौघं.

आता खरं सांगायचं तर नागम्मा नव्हती, जाफर नव्हता, कुणीच नव्हतं. सातही सोनालीच होती. तीन वर्षं ती एकटी सात तोंडांनी बोलत होती.

आणि अण्णा? गडी असा रंगात आला की विचारू नका. मोसमाआधी प्रत्येकानं अंदाज द्यायचा, गटात कोण कितवा येणार. अण्णा खेळाडू बघायचे नाहीत, डावपेच बघायचे नाहीत. मालक बघायचे! मागच्या मोसमात जाफरला तळाला टाकलं. का, तर "रात्री दोन वाजता मेसेज टाकतो. ज्याला झोप न्हाय त्याचा संघ कसा धावंल?" नागम्माला रोज विचारायचे, "जेवलीस का बाई?" सोनालीला वाचून हसू यायचं.

सिद्धलिंगचा तर त्यांनी पिच्छाच पुरवला. हा पोरगा परीक्षेत नापास होऊन घरी बसलाय, असं सोनालीनं उगाच रंगवलं होतं. झालं! "फारम भर. अजून एकदा भर." सहा महिने हेच. वर फॉर्मचा फोटो मागायला लागले. शेवटी वैतागून तिनं खरोखरच फॉर्म भरला आणि नाव बोटानं झाकून फोटो टाकला. भरलाच आहे तर म्हणून परीक्षेलाही बसली. ते लॅपटॉपखालचं पत्र त्यातूनच आलं होतं.

पण नोकरी करून सात माणसं जगवायची कधी? आणि ही सातजणं गप्प झाली की अण्णा पुन्हा त्या घड्याळासमोर. खोलीत दोन फेऱ्या मारून ती बाहेर आली.

"अण्णा, समजा लीग बंद पडली तर?"

पट्टी थांबली. "कोन म्हनतंय?"

"कुणी न्हाय. आपलं समजा."

"बंद कशानं पडंल? सात मानसं हायती." अण्णांनी कागदावर हात आडवा ठेवला. "च्या टाक तू. लई डोकं खाती."

त्यांचा चेहरा एवढासा झालेला तिनं पाहिला. चहा राहिला बाजूला, ती तशीच आत आली आणि लॅपटॉपसमोर बसली. नांदेड राहू दे. आपला बाप आधी.

पाचला सहा मिनिटं कमी होती. बोट बटणावर टेकणार, तेवढ्यात अण्णा दारात आले. डोक्यावर टोपी, हातात घडी घातलेला कागद.

"आदी माजा अंदाज वाच," ते म्हणाले. "मग तुला काय पाठवायचं ते पाठव."

कागद देऊन ते वळले आणि खुर्चीत जाऊन बसले, पाठ करून.

सोनालीनं घडी उलगडली. गाड्यांच्या तक्त्यासारखे सरळ रकाने. क्रमांक, मालक, शेरा. उत्तर गटात पहिली नागम्मा, दुसरा जाफर, तिसरा सिद्धलिंग, चौथी भूम एक्स्प्रेस. खाली दक्षिण गटाचे चौघं.

नागम्मासमोर शेरा होता, "रविवार, नांदेड गाडी, सकाळी पावणेसात, सीट पाच, खिडकी." जाफरसमोर तेच. सिद्धलिंगसमोरही तेच. दक्षिण गटातल्या चौघांनाही तीच गाडी आणि तीच पाच नंबरची सीट.

फक्त भूम एक्स्प्रेससमोर वेगळं लिहिलं होतं, "या खेळातलं मला अजून ओ की ठो कळत न्हाय. पोरगी दार उघडून भाईर यावी म्हणून खेळलो."