सराव पाठ, दुसऱ्यांदा

बी.एड.च्या सराव पाठात वंदना किरवलेने सहावीच्या मुलांना गळ्यावरची पट्टी काढून ठेवायला सांगितली. पट्टी असली की मूल मराठीत पुटपुटायचं आणि त्याच्याच आवाजात अस्खलित इंग्रजी बाहेर पडायचं.

"घरची काही बातमी सांगा," ती इंग्रजीत म्हणाली. मग मनकर्णा उठली.

"माय गोट..." ती अडली, शब्द शोधू लागली. "माय गोट डाय."

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. शेजारणीने तिचा हात धरला.

मागच्या बाकावर बसलेले घोलवे सर निरीक्षण तक्ता भरत होते. "मॅडम, एक वाक्य धड नाही. वीसपैकी सहा. उद्या हाच पाठ परत घ्या, पट्ट्या लावून."

दुसऱ्या दिवशी तीच मुलं, तोच प्रश्न. मनकर्णा डोळे पुसत मराठीत काहीतरी पुटपुटली. पट्टीने तिच्याच आवाजात, उत्तम इंग्रजीत कळवलं, की शेळीच्या निधनाने आमच्या कुटुंबास अतीव दुःख झाले आहे.

कोणीही मान वळवली नाही.

सरांनी अठरा गुण दिले. "आता कसं," ते म्हणाले, "मुलं बोलायला लागली."